चिमाची बाजू

रत्नागिरीच्या मांडवीत, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या बैठ्या कौलारू घरांपैकी एका घराच्या ओटीवर मे महिन्यात दहा दिवस पोरांचा गलका असतो. वर्षाचे बाकीचे दिवस त्या ओटीवर फक्त विमलाबाई असतात. वय एकसष्ट. एका शाळेत बत्तीस वर्षं शिवण शिकवून तीन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. यजमान गंगाराम बोटीवर होते. दहा महिने पाण्यावर आणि दोन महिने घरात असा संसार तीस वर्षं चालला, आणि कायमचे घरी आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी ते गेले. मूलबाळ नाही. शेजारच्या बारशांना विमलाबाईंना आमंत्रण येई, कारण त्यांच्याइतकं नेटकं झबलं दुसरं कोण शिवणार? पण पाचवीच्या पूजेला, बाळंतिणीच्या खोलीत, त्यांना कधी कोणी बोलावलं नाही. का बोलावत नाहीत ते त्यांना ठाऊक होतं. वाईट वाटायचं. मग त्या मशीनवर बसून कोणाचं तरी काहीतरी शिवत राहायच्या.

त्यांच्या कपाटाच्या वरच्या खणात एक दुपटं आहे. हिरव्या आणि विटकरी लुगड्यांच्या तुकड्यांचं, धुऊन धुऊन कांद्याच्या सालीसारखं पातळ झालेलं. विमलाबाई अडीच वर्षांच्या असताना त्यांची आई चिमा चार दिवसांच्या तापात गेली. वडील भागोजी पावसच्या पलीकडे कुठल्याशा बागेत राखणदार होते. ते मुंबईला गिरणीत गेले, तिथंच दुसरं लग्न करून राहिले. पोरीला रत्नागिरीत आत्तेनं वाढवलं. आईचा फोटो नव्हता, दागिना नव्हता, चेहरा आठवत नव्हता. आत्तेनं आयुष्यात आईबद्दल एकच वाक्य सांगितलं, तेही नाक मुरडून. "तुझी आई लोकांच्या दारात बसून गोधड्या शिवायची, पायली-दोन पायली भातावर." आणि पोरीबरोबर आलेलं ते दुपटं तेवढं जपून ठेवलं.

आता शिवणाच्या बाईंना दुपटं दाखवा आणि गप्प बसायला सांगा, हे व्हायचं नाही. उजव्या हाताची बाई उजवीकडून डावीकडे शिवत जाते, त्यामुळे ती बसली त्या काठाकडून पाहिलं तर तिच्या ओळीची पहिली गाठ उजव्या टोकाला असते. या दुपट्याच्या सगळ्या गाठी डाव्या टोकाला होत्या. म्हणजे शिवणारी डावरी. शिवाय प्रत्येक ओळ संपताना तीन अगदी आखूड टाके घातलेले, दोरा सुटू नये म्हणून. आणि टाका कसा, तर तांदळाएवढा, एकासारखा एक. विमलाबाईंनी सुतावरून स्वर्ग गाठला. माझी आई डावरी होती, तिचा हात असा होता, आणि तो हात माझ्यात उतरला. आरशात स्वतःकडे बघताना त्यांना आईचा चेहरा सापडायचा नाही, पण मशीन बाजूला ठेवून हातानं टाका घातला की आई सापडल्यासारखी वाटायची.

गंगाराम गेले आणि घर अगदीच गप्प झालं, तेव्हा त्यांनी शोध सुरू केला. आईनं पावसच्या पलीकडच्या गावांत लोकांच्या गोधड्या शिवल्या, म्हणजे त्या तिथंच कुठंतरी माळ्यावर, फडताळात पडलेल्या असणार. रविवारी एसटीनं जायचं आणि दारोदार विचारायचं, "जुनी गोधडी आहे का हो? अगदी जुनी, हातची?" बदल्यात नवी सोलापुरी चादर द्यायची. एवढंच विचारायच्या. कोणी शिवली, ती बाई कोण होती, हे कधीच विचारलं नाही. आपली आई भातावर लोकांकडे शिवायला जायची, हे शिवणाच्या बाईंना कोणाला कळू द्यायचं नव्हतं. आत्तेचं मुरडलेलं नाक त्यांच्याही तोंडावर थोडंसं बसलं होतंच. लोकांना वाटे, बाईंना म्हातारपणी नाद लागला. शेजारची राजश्री हसून म्हणायची, "बाई, एक ना धड भाराभर चिंध्या." बाई पिशवीत नवी चादर भरून एसटीला निघायच्या.

आठ वर्षांत त्यांना अकरा गोधड्या मिळाल्या. एक आंब्याच्या आढीवर घातलेली होती, एक मोरीच्या दाराला पडदा म्हणून टांगलेली, एक होडीच्या इंजिनावर, तेलानं काळी झालेली. शेकडो गोधड्या त्यांनी उलटून पाहिल्या, गाठी उजवीकडे दिसल्या की परत घडी घालून दिल्या. अकरांच्या गाठी डावीकडे होत्या आणि ओळीच्या टोकाला ते तीन आखूड टाके. पहिली सापडली तेव्हा त्या त्याच घराच्या पायरीवर बसून रडल्या. घरमालकीण घाबरली आणि तिनं चादर नको म्हणून सांगितलं.

पण गोधडी मोठी असली की एकटी बाई शिवत नाही. दोघी समोरासमोर बसतात. एक या काठापासून आत येते, दुसरी त्या काठापासून, आणि मध्ये दोघींच्या ओळी भेटल्या की गोधडी पुरी होते. या अकराही गोधड्यांत डावऱ्या हाताची बाजू अर्धीच होती. उरलेली अर्धी दुसऱ्या कोणाची, आणि ती बघून विमलाबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टाका पोह्याएवढा मोठा. ओळ सरळ येता येता एकदम बाहेर फुगायची आणि वीतभर जाऊन परत आत यायची, जशी काही वाटेत म्हैस बसली होती. "ही बया शिवताना पेंगत असणार," त्या म्हणायच्या. "माझ्या आईच्या समोर हिला बसवली कोणी?"

एवढ्या गोधड्या ठेवायला घरात जागा नव्हती. मग मिळेल तशी त्यांनी प्रत्येक गोधडी मधोमध कापली. डावरी बाजू कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवली आणि दुसरी बाजू वर्गाला लावली.

वर्ग म्हणजे मे महिन्यातला. "सुट्टीतली सोपी शिवण" अशी पाटी त्या दरवर्षी ओटीला लावतात. पहिल्या दिवशी सुईत दोरा ओवणं, मग गरम भांडं धरायचं फडकं, पाटावरचं आसन, मोबाईलची पिशवी, आणि दहाव्या दिवशी ज्याला जमेल त्याला बाहुलीची गोधडी. पोरांना कापडाचे थर एकावर एक लावणं जमत नाही, ते सरकतात. जुन्या गोधडीचा तुकडा दिला की थर आयते मिळतात, कडा दुमडून शिवल्या की काम झालं. पण त्या तुकड्यांवर त्या बयेच्या वाकड्या ओळी असायच्या आणि विमलाबाईंच्या ओटीवर वाकडी ओळ म्हणजे पाप. चुकलेल्या ठिकाणी लाल दोऱ्यानं बारीकशी फुली मारायची त्यांची सवय. फुली दिसली की पोरानं तिथलं उसवायचं आणि सरळ शिवायचं. "बघा, दुसऱ्याची चूक आपण सुधारायची," त्या सांगायच्या. सात उन्हाळ्यांत पोरांनी पुष्कळ उसवलं. त्यांच्या फडक्यांना गावातल्या स्वयंपाकघरांत जागा मिळाली आणि विमलाबाईंना दहा दिवस का होईना, ओटीवर माणसं मिळाली.

मागच्या मार्गशीर्षात त्या गावखडीला गेल्या होत्या. गोदा नावाच्या बाईनं माळ्यावरून एक गोधडी काढून दिली. अर्धीच. उरलेली तिच्या सासऱ्यानं होडीला डांबर लावायला केव्हाच फाडली होती. विमलाबाईंनी ती उन्हात धरली. गाठी डाव्या टोकाला. तीन आखूड टाके. बारावी. आनंदात त्यांच्या तोंडून एक शब्द निसटला. "डावरी."

"व्हय तर," गोदा म्हणाली. "त्या डावऱ्या म्हातारीच्याच हातची. माजी सासू सांगायची."

विमलाबाईंनी मान वर केली नाही. "तुम्ही पाहिली होती तिला?"

"पाह्यली व्हती काय? अजून हाय की ती. पूर्णगडात नातवाकडं असते. नाव काय ते न्हाय मला ठावं, समदी डावरीच म्हनतात. पंच्याऐंशीच्या म्होरं ग्येली आसंल."

विमलाबाईंनी गोधडीची घडी घातली ती चुकीची घातली. चादर दिली, आणि गोधडी तिथंच गोदाच्या पायरीवर विसरून रस्त्याला लागल्या.

गावखडीहून पूर्णगड म्हणजे चार-पाच किलोमीटर. एसटीला अवकाश होता, त्यांनी रिक्षा केली. ती पंधरा मिनिटं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात लांब पंधरा मिनिटं. त्यांनी हिशेब मांडून पाहिला. आपण एकसष्टच्या. आई आपल्या वेळी बावीस-तेवीसची असेल. म्हणजे आता त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी. जुळत होतं. आत्ते खोटं बोलली? आई तापात गेली नव्हती, तिनं दुसरा घरोबा केला, आणि घराण्याची लाज म्हणून आत्तेनं तिला मारून टाकली? तसं असेल तर आत्तेला काय म्हणायचं, आणि आईला काय म्हणायचं? साठ वर्षं तू इथं होतीस आणि मी तिथं, तीस किलोमीटरवर, आणि तुला एकदा एसटीत बसावंसं वाटलं नाही? राग आला. मग राग गेला आणि त्यांना नुसती भीती वाटू लागली, की रिक्षा पोचायच्या आत म्हातारी मरेल. सुरूची झाडं मागे पडत होती. पिशवीत दुपटं होतं. ते त्या नेहमीच ताडून बघायला नेत. पिशवीत हात घालून त्यांनी ते घट्ट धरून ठेवलं.

किल्ल्याखालच्या वाडीत डावऱ्या आजीचं घर कोणीही दाखवलं. ओटीवर एक तरुण बाई तांदूळ निवडत होती. तिचं नाव दर्शना, म्हातारीची नातसून. "जुन्या गोधड्या बघते मी," विमलाबाई म्हणाल्या. "डावऱ्या हातच्या अकरा आहेत माझ्याकडे." दर्शनानं हसून सांगितलं, "काकी, आमच्याकडं कुटली गोधडी? हिनं आयुष्यभर लोकांच्या शिवल्या. घरात एक न्हाय." आणि त्यांना आत नेलं.

खाटेवर मखमली ब्लँकेट पांघरून एक मूठभर म्हातारी बसली होती. डोळे पांढरे झालेले. विमलाबाईंनी तिचं कपाळ पाहिलं, हनुवटी पाहिली, कान पाहिले. स्वतःचं काही तिथं सापडतं का ते पाहिलं. मग त्यांनी पिशवीतलं दुपटं काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

म्हातारीनं ते डाव्या हातानं उचललं. बोटं काठावरून फिरली, एका टोकाशी थांबली, तीन आखूड टाक्यांवर पुन्हा पुन्हा गेली. "ह्ये माज्या हातचं," ती म्हणाली. "तुला कुटं घावलं?"

विमलाबाई खाटेच्या कडेला धरून खाली बसल्या. "मी विमला," त्या म्हणाल्या. "भागोजी राखणदाराची मुलगी."

म्हातारीचा हात दुपट्यावरच राहिला. "चिमीची?" ती म्हणाली. "आमच्या चिमीची पोर तू?"

आई असं विचारत नाही. विमलाबाईंना ते त्याच क्षणी कळलं. पंधरा मिनिटांपूर्वी मिळालेली आई पुन्हा गेली, आणि या वेळी त्या अडीच वर्षांच्या नव्हत्या, सगळं समजत होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. दर्शना पाणी आणायला आत गेली.

"मी सखू," म्हातारी म्हणाली. "तुला न्याया तुजी आत्ते आली, तवा मीच ह्या दुपट्यात गुंडाळून तुला तिच्या हातात दिली."

"सखूमावशी, पण हे दुपटं आईनं शिवलेलं ना?"

"चिमी कशी शिवंल?" सखूला नवल वाटलं. "पाचवीच्या राती पोराला पयल्यांदा दुपट्यात घालतात, त्ये आवशीच्या हातचं चालत न्हाय. पोटुशीनं सुई धरायची न्हाय, गाठ मारायची न्हाय. दुसऱ्या बायनं शिवायचं. तुला ठावं न्हाय ह्ये?"

"नाही," विमलाबाई म्हणाल्या. "मला कोणी सांगितलं नाही."

पाचवीच्या खोलीत जाऊन आलेल्या कोणत्याही बाईनं हे दुपटं पाहून एका वाक्यात सांगितलं असतं. पण विमलाबाईंनी ते कोणाला दाखवलं नव्हतं, आणि त्या खोलीत त्यांना कोणी नेलं नव्हतं.

सखूचं तोंड सुरू झालं ते थांबेना. तिलाही कोणी इतक्या वर्षांत हे विचारलं नव्हतं. ती डावरी, म्हणून सासू तिला ताट वाढू द्यायची नाही, शुभकार्यात पुढं होऊ द्यायची नाही. गोधडीला तिच्या समोर बसायला एक बाई तयार नव्हती. डावऱ्या हाताशी गाठ घातलेली गोधडी घरात भांडण लावते म्हणायच्या. बागेतल्या राखणदाराची नवी बायको आली आणि तीच म्हणाली, मी बसते. "मी हिकडं, ती तिकडं. धा-बारा वरसं बसलो असतो अशा, जगली असती तर. तीन वरसंच बसलो. मंग मी कुनाबरूबर मोठी गोधडी शिवली न्हाय."

"फक्त तिच्याबरोबर?"

"फकस्त चिमीबरूबर. माजी बाजू जितं असंल, तितं समोर चिमीच."

विमलाबाईंनी पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला. दर्शनानं आपलं सांगायचं म्हणून सांगितलं, "आजी, ह्या काकी गोधड्या जमवतात. तुज्या हातच्या अकरा हायत त्यांच्याकडं."

"अकरा!" सखूचा चेहरा उजळला. "मंग चिमीचा टाका बघलास की तू. माजे डोळे ग्येले बाय, पन बोटं हायत. एक आन माज्याकडं. सगळी नको, तिच्या बाजूचा तुकडा आन. मरायच्या आदी एकदा हात फिरवीन म्हनते."

"आणते," विमलाबाई म्हणाल्या. "आहेत घरी."

घरी काय होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. विमलाबाईंनी तर तो कळसा काखेतून काढून पोरांना खेळायला दिला होता. रत्नागिरीला पोचल्या पोचल्या त्यांनी ट्रंक उघडली. अकरा तुकडे जमिनीवर पसरले. अकराही सखूचे. कापल्या कडांवर कुठं दोन, कुठं तीन मोठे टाके राहिले होते, कात्रीनं अर्धे तुटलेले. सगळे मिळून पंचवीस-तीस असतील. ते बोटानं चाचपत त्या अकराही तुकड्यांच्या भोवती फिरल्या. सरळ टाके होते, कोणाचेही असू शकले असते. ही माझी आई म्हणून हाताला धरावं असं त्यांत काही नव्हतं. आठ वर्षं ज्या बयेला नावं ठेवली, ती चिमा होती. आपल्याच हातानं तिला कापली, पोरांकडून उसवून घेतली, वर शाबासकी दिली. त्यांना स्वतःची किळस आली. सांगायला घरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा दुसरा शोध सुरू झाला. वर्गाची वही होती, सात वर्षांची नावं होती. त्या दारं वाजवू लागल्या. "सुट्टीत माझ्याकडे केलेलं फडकं आहे का हो? आसन? पिशवी?" बायका चकित व्हायच्या. बहुतेक घरांतलं फडकं केव्हाच जळून, फाटून गेलेलं. एका मुलानं त्या फडक्यानं मोटारसायकल पुसली होती. एक मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि पिशवी तिच्याबरोबर. नऊ घरांत वस्तू सापडल्या, पण ती शहाणी पोरं होती. बाईंचं ऐकणारी. सगळ्या जुन्या ओळी उसवून त्यांनी सरळ, बारीक, तांदळाएवढे टाके घातले होते. विमलाबाईंनी स्वतः शिकवलेला टाका त्यांना नऊ घरांत भेटला. एका आईनं कौतुकानं विचारलं, "प्रदर्शन भरवताय का बाई?" त्या हो म्हणाल्या, आणि रस्त्यात थांबून त्यांनी चष्मा पुसला.

वही संपत आली. शेवटी एक नाव उरलं, जे त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं. सानवी, शेजारच्या राजश्रीची मुलगी. चार वर्षांपूर्वी नऊ वर्षांची असताना ती वर्गाला आली आणि चौथ्याच दिवशी सोडून गेली. फुली मारलेली ओळ तिनं उसवली नव्हती. कडा तेवढ्या कशाबशा दुमडून, फणसाच्या आठळीएवढे टाके घालून फडकं पुढे केलं होतं. विमलाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हे टाकून दे, आणि तूही घरी जा." पोर रडत गेली. भिंतीला भिंत लागून असून त्यानंतर सानवी त्यांच्याशी बोलली नव्हती.

राजश्रीच्या स्वयंपाकघरात ते फडकं खिळ्याला लटकत होतं. एक कोपरा जळलेला, हळदीचे डाग, तुपाचे डाग. "टाकायला सांगितलंत तुम्ही," राजश्री म्हणाली, "पण माझ्या मुलीनं केलेलं पहिलं काम, मी कशाला टाकू?" तिच्या आवाजात जुना राग होता आणि विमलाबाईंना तो रास्त वाटला. त्यांनी फडकं उजेडात धरलं. पोह्याएवढे टाके. एक ओळ सरळ येत होती आणि मध्येच बाहेर वळून, वाटोळी होऊन, पुन्हा आत येत होती. तिच्या मागची ओळही तशीच वळली होती, आणि तिच्या मागचीही. वळणाच्या अगदी काठावर लाल दोऱ्याची फुली.

सानवी दारात उभी होती. तेरा वर्षांची, हात बांधून. "बाई, ते वाकडंच आहे अजून," ती म्हणाली. "मी उसवलं नव्हतं."

"बरं केलंस बाळा," विमलाबाई म्हणाल्या. "माझं चुकलं होतं. मला देशील हे?"

सानवीनं आईकडे पाहिलं. मग खांदे उडवून म्हणाली, "न्या."

दोन दिवसांनी त्या पूर्णगडला गेल्या. सखू आता पडूनच होती, दर्शनानं तिला उशीला टेकवून बसवलं. विमलाबाईंनी फडकं तिच्या डाव्या हातात दिलं. "एवढंच आहे, मावशी," त्या म्हणाल्या. का एवढंच, ते सखूनं विचारलं नाही. तिची बोटं पहिल्या ओळीवर चालली, वळणापाशी आली, वळणाबरोबर बाहेर गेली आणि आत आली. मग दुसऱ्या ओळीवर, मग तिसऱ्या. म्हातारीच्या तोंडावर हसू पसरलं.

"हितं तू व्हतीस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुला गोधडीवरच निजवायची ती. उचलली की तू भोकाड पसरायचीस. मी म्हनायची, पोर बाजूला कर गो, ओळ सरळ जाऊ दे. ती म्हनायची, ऱ्हाऊ दे, झोपलीय. तुज्या पाठीच्या कडंकडंनं शिवायची, तू जागी व्हशील म्हनून घाईघाईनं, मोठं मोठं टाकं. तू उठलीस तरी ती ओळ उसवायची न्हाय. समद्या गोधड्यांत एक जागा तुजी."

विमलाबाईंना ती सगळी वळणं आठवली. त्यांनी ती फुलीच मारायला म्हणून नीट पाहिली होती, त्यामुळे एकही विसरल्या नव्हत्या. काही लहान होती, वीतभरही नसलेली. काही मोठी, दीड-दोन वितींची. होडीच्या इंजिनावरच्या गोधडीत सगळ्यात मोठं होतं. तेव्हा आपण दोन वर्षांच्या असू. ते वळण त्यांनी मधून कापून दोन आसनं केली होती.

सखूची बोटं पुढे सरकली आणि फुलीवर अडली. ती पुन्हा मागे आली, पुन्हा अडली. "ह्यो टाका चिमीचा न्हाय," ती म्हणाली. "माजाबी न्हाय. कुनाचा ह्यो?"

"माझा," विमलाबाई म्हणाल्या.

"बारीक हाय. चांगला हाय हात तुजा. पन हितंच कशाला मारलास?"

विमलाबाईंनी फडक्याची दुमडलेली कड सरळ केली. म्हातारीनं स्वतःच विचारलं, "तुजी जागा पुना सापडावी म्हनून?"

"हो," त्या म्हणाल्या.

"बरं केलंस," सखू म्हणाली, आणि फडकं छातीवर ठेवून तिनं डोळे मिटले. दर्शनानं चहा आणला. तो पिऊन होईपर्यंत विमलाबाईंनी फडकं तिच्याकडेच राहू दिलं, मग हळूच काढून पिशवीत ठेवलं, आणि दुपटं मात्र तिच्या हाताखाली सोडून त्या निघाल्या.

घरी आल्यावर ओटीवर उजेड होता तोवर त्यांनी शिवणाचा डबा उघडला. बारीक कात्री घेतली, चष्मा लावला, आणि फुलीचा लाल दोरा कापायला फडकं मांडीवर घेतलं. कात्रीचं टोक दोऱ्याखाली गेलं. शेजारच्या घरात राजश्री सानवीला जेवायला हाक मारत होती. विमलाबाईंनी कात्री बाहेर काढली, बंद केली आणि डब्यात ठेवून दिली. आईच्या टाक्याशेजारी त्यांचा स्वतःचा टाका तेवढा एकच होता.